चौरस्त्यावरची वहिवाट

(नातेपुते येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने तत्त्वज्ञान, साहित्य अथवा राज्यशास्त्र यांपैकी एखादा भारदस्त विषय निवडावा आणि श्रोत्यांनीही तो तितक्याच भारदस्तपणे ऐकून घ्यावा, असा आपल्याकडे जुना शिरस्ता आहे. तो मोडून मी सायकल आणि चौरस्ता यांच्याविषयी बोलणार आहे, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यात नवल नाही. परंतु व्याख्यानमाला हे लोकशिक्षणाचे साधन आहे, आणि ज्या गोष्टी आपण रोज पाहतो म्हणूनच ज्यांचा विचार करीत नाही, त्यांना विचाराच्या कक्षेत आणणे हे लोकशिक्षणाचे पहिले कार्य आहे, असे मी मानतो. चौरस्ता ही अशीच एक गोष्ट आहे. समाजातील सबळ आणि दुर्बळ एरवी वेगवेगळ्या वस्त्यांत राहतात, वेगवेगळ्या दारांनी ये-जा करतात; चौरस्त्यावर मात्र त्यांना एकाच क्षणी एकाच जागेतून जावे लागते, आणि तेथे कोणी कोणासाठी थांबावयाचे याचा जो निवाडा दिवसातून हजारो वेळा होतो, त्यावरून त्या समाजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा होते.

नातेपुत्याला हे सांगावे लागत नाही, कारण हे गाव रस्त्यावरच वसले आहे. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करीत आलेला पंढरीचा मार्ग धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरतो आणि नातेपुत्यावरून माळशिरस, वेळापूरकडे जातो. एका अंगाने दहिगावचा रस्ता, दुसऱ्या अंगाने शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडचा रस्ता त्याला येऊन मिळतो. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली, तेव्हा दिवेघाटापासून मोहोळपर्यंतचा सुमारे २२१ किलोमीटरचा हा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आणि पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, या दोहोंच्या कडेने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथाची तजवीज व्हावी असे ठरले. राजमार्गाच्या आराखड्यात पायी चालणाऱ्याला सरकारने आपण होऊन जागा द्यावी, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र हा पदपथ रस्त्याच्या कडेने जातो, आणि फोंडशिरस, मोरोची, कारुंडे, मांडवे अशा गावांहून व भोवतालच्या वस्त्यांवरून शाळेला किंवा बाजाराला सायकलवर येणाऱ्या माणसाला रस्त्याच्या कडेने जावयाचे असते त्यापेक्षा रस्ता ओलांडावयाचे अधिक असते. महामार्ग गावातून गेला काय आणि बाहेरून वळसा घालून गेला काय, त्याला छेदणारी वाट तुटत नाही.

वाटेचा हक्क ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही. बांधावरच्या गाडीवाटेसाठी दोन भाऊबंदांनी वर्षानुवर्षे तहसील कचेरीचे उंबरठे झिजवल्याची उदाहरणे प्रत्येक गावी सापडतील. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करविण्याचा अधिकार मामलेदाराला दिला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता मागण्याची मुभा खातेदाराला दिली. असा अर्ज आला म्हणजे तहसीलदार काय पाहतो? अर्जदाराला वाटेची खरोखर गरज आहे काय, त्याला दुसरी सोयीची वाट आहे काय, आणि दिली तर समोरच्याचे कमीत कमी नुकसान कोणत्या बाजूने होईल. हा निकष इतका साधा आणि इतका न्याय्य आहे, की रानातल्या बांधाला जो लागू पडतो तो डांबरी चौरस्त्याला का लागू पडू नये, हा माझा आजचा प्रश्न आहे. आणि ज्याची गरज मोठी, ज्याला दुसरी वाट नाही आणि ज्याला वाट दिल्याने इतरांचे नुकसान काही क्षणांपलीकडे होत नाही, त्याची वहिवाट चौरस्त्यावर मान्य झाली पाहिजे, हे माझे आजचे प्रतिपाद्य आहे.

कायद्याच्या इतिहासाकडे पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. चौकातील जगातला पहिला सिग्नल १८६८ च्या डिसेंबरात लंडनमध्ये, पार्लमेंटच्या इमारतीजवळ उभा राहिला. त्या वेळी मोटार अस्तित्वातच नव्हती, आणि घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी जाणाऱ्यांना, त्यांत पार्लमेंटचे सभासदही आले, रस्ता ओलांडता यावा हा त्याचा एक मुख्य हेतू होता. गॅसवर जळणारा तो दिवा पुढच्याच महिन्यात फुटला आणि त्याचा प्रयोग थांबला; पण चौकातील नियमाचा उगम दुर्बळाच्या संरक्षणात आहे, एवढी साक्ष तो ठेवून गेला. सायकलस्वाराचा कायद्यात प्रवेश झाला तो मात्र आरोपी म्हणून. १८७९ साली इंग्लंडच्या न्यायालयाने सायकल ही १८३५ च्या रस्ताविषयक कायद्यातील गाडीच होय असा निर्णय दिला, तो कोणाला वाट देण्यासाठी नव्हे, तर बेफाम सायकल हाकल्याबद्दल झालेला दंड कायम करण्यासाठी. सायकल ही गाडी आहे हे पार्लमेंटच्या कायद्यात स्पष्टपणे यावयास १८८८ साल उजाडले, आणि तेव्हाही सोबत दिवा लावण्याची व घंटा वाजविण्याची सक्ती आलीच.

आपल्याकडेही हाच क्रम दिसतो. सायकलवर नगरपालिकांनी कर बसवला आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला दिला. रात्री दिव्याशिवाय जाणाऱ्याला व डबलसीट बसवणाऱ्याला पोलीस शिपायाने अडवावे, चाकांतली हवा सोडावी, चार आणे-आठ आणे दंड व्हावा, हे मागच्या पिढीतील श्रोत्यांना आठवत असेल. कर, बिल्ला, दिवा, दंड या सर्व दफ्तरांत सायकलस्वाराचे नाव होते. मोटारीने त्याच्यासाठी कोठे थांबावे, हे सांगणारे दफ्तर मात्र उघडलेच गेले नाही. १९१४ चा, १९३९ चा आणि १९८८ चा, असे मोटार वाहनांचे तीन कायदे झाले. त्यांची व्याख्याच यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनापासून सुरू होत असल्यामुळे, पायाच्या बळावर चालणारे वाहन त्या कायद्यांच्या दाराबाहेर उभे राहिले.

तथापि दार अगदीच बंद नाही. १ जुलै १९८९ रोजी १९८८ चा कायदा अमलात आला आणि त्याच वर्षी रस्त्यावरील वर्तनाचे विनियम निघाले. चौरस्त्याजवळ येताना मोटारचालकाने वेग कमी करावा. ज्या रस्त्यात शिरावयाचे तो मुख्य रस्ता म्हणून जाहीर असेल तर त्यावरून जाणाऱ्या वाहनांना, आणि तसे नसेल तर आपल्या उजव्या हाताने येणाऱ्या सर्व वाहतुकीस वाट द्यावी, असा त्यांत दंडक होता, आणि २०१७ च्या नव्या विनियमांनीही हे तत्त्व सोडलेले नाही. सर्व वाहतूक म्हटले म्हणजे तीत सायकल आली. म्हणजे गावातल्या दोन सारख्या रस्त्यांच्या चौकात दहावीतली मुलगी उजवीकडून सायकलवर येत असेल, तर डावीकडचा ट्रक तिच्यासाठी थांबला पाहिजे, हा दया-दाक्षिण्याचा विषय नसून कायद्याचा विषय आहे. सायकलींचा देश म्हणून ज्याचा लौकिक आहे त्या हॉलंडमध्येसुद्धा उजवीकडून येणाऱ्या सायकलस्वाराला मोटारीआधी जाण्याचा हक्क १ मे २००१ पासून मिळाला. आपल्या पुस्तकात तो त्याच्या निदान बारा वर्षे आधीपासून आहे. आपण हॉलंडच्या मागे आहोत ते पुस्तकात नव्हे, पुस्तकाबाहेर.

पुस्तक आणि रस्ता यांत एवढे अंतर का पडते, हे समजण्यासाठी थोडा हिशेब केला पाहिजे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी पंचवीस मीटर पुढे गेलेली असते. आणि वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगची ऊर्जा चौपट होते, म्हणून ब्रेक लागल्यानंतरचे अंतरही साधारण चौपट लागते. उलट बाजूने पाहा. उभ्या सायकलवरून निघून वीस-बावीस मीटर रुंदीचा चौपदरी रस्ता ओलांडावयास सात सेकंद तरी लागतात, आणि ताशी ऐंशीच्या वेगाने येणारा ट्रक त्या सात सेकंदांत दीडशे मीटर अंतर तोडतो. सायकल हातात धरून चालत जाणाऱ्याला सतरा-अठरा सेकंद लागतात. तोवर ट्रक पाव मैल जवळ आलेला असतो. म्हणजे रस्ता मोकळा आहे असे पाहून निघालेले मूल रस्त्याच्या मध्यावर असताना, निघाले तेव्हा नजरेतही नसलेले वाहन त्याच्यापर्यंत येऊन पोहोचते. अशा वेळी पोर आंधळ्यासारखे आडवे आले असे आपण म्हणतो. वास्तविक ते नीट पाहूनच निघालेले असते.

यात आपल्या भागाचे एक वेगळे प्रकरण आहे, ते उसाच्या हंगामाचे. गाळप सुरू झाले की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून, दोन्ही अंगांना मोळ्या बाहेर आलेल्या, अशा गाड्या कारखान्यांकडे निघतात. असा ट्रॅक्टर चौकात डावीकडे वळू लागला की त्याची पुढची चाके मोठे वळण घेतात, पण मागची ट्रॉली त्या वळणावरून जात नाही. ती आतल्या बाजूला, कोपऱ्याकडे सरकत येते. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून कोपऱ्याला सायकल टेकून उभा राहिलेला मुलगा बिनघोर असतो, आणि दुसरी ट्रॉली त्याच्या अंगावर येते. चालकाला तो आरशात दिसत नाही, इंजिनाच्या आणि मोठ्याने लावलेल्या गाण्यांच्या आवाजात ऐकूही येत नाही. रात्री तर मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, लाल परावर्तक धुळीने माखलेला किंवा मोळ्यांखाली झाकलेला, आणि रस्त्याच्या कडेला उभी करून ठेवलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. शाळेत मुलांना झेब्रा पट्ट्यांचे चित्र आपण काढावयास लावतो. नातेपुत्याच्या मुलाला त्याहीपेक्षा निकडीने शिकवावयाचे असेल तर ते हे, की वळणाऱ्या ट्रॉलीच्या आतल्या बाजूला क्षणभरही उभे राहावयाचे नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. सायकलस्वार कोठे नियम पाळतात? ते उलट दिशेने येतात, लाल दिव्याला थांबत नाहीत, हात न दाखवता वळतात, त्यांच्या सायकलला ब्रेक नसतो आणि दिव्याचे तर नावच नको. हे सर्व खरे आहे, आणि त्याचे समर्थन मी करीत नाही. हक्क मागणाऱ्याने कर्तव्य चुकवू नये, हा न्यायाचा ओनामा आहे. पण उलट दिशेने येणाऱ्या त्या माणसाकडे जरा थांबून पाहा. त्याचे घर रस्त्याच्या ज्या बाजूला, त्याच बाजूला दोनशे पावलांवर दुकान आहे. दुभाजकातील जागा एक किलोमीटर पुढे. नियम पाळावयाचा तर दोनदा महामार्ग ओलांडून दोन किलोमीटर पायडल मारावे लागेल. मोटारीला तो वळसा दोन मिनिटांचा आहे, सायकलस्वाराला पाव तासाचा, आणि वर दोनदा जिवावर उदार होण्याचा. ज्या नियमाचे पालन भंगापेक्षा अधिक धोक्याचे आहे, तो नियम मोडणाऱ्याच्या आधी तो आखणाऱ्याला प्रश्न विचारला पाहिजे. अमेरिकेतील आयडाहो राज्याने १९८२ पासून सायकलस्वाराला चौकातील थांबण्याच्या पाटीपाशी, वाट मोकळी असेल तर, न थांबता जाण्याची मुभा दिली. तशी मुभा आपल्याकडे आणावी असे मी सुचवीत नाही, कारण ती सर्व चालक एकमेकांना वाट देतील या गृहीतावर उभी आहे. पण सायकल आणि मोटार यांना एकच माप लावणे म्हणजे समता नव्हे, एवढा विचार त्यामागे आहे आणि तो ग्राह्य आहे.

सरकारी मापांचेही असेच आहे. रस्त्यांच्या शास्त्राशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे: १९२७ साली नेमलेल्या रस्ते-विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस जन्माला आली, आणि १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरास जमून त्यांनी वीस वर्षांचा रस्ते-आराखडा केला. याच रोड्स काँग्रेसने १९६२ साली सायकल मार्गांविषयी मानके प्रसिद्ध केली. रस्त्यावरून ताशी दोनशेहून अधिक मोटारी जात असतील, तर ताशी शंभर सायकली असल्या तरी स्वतंत्र सायकल मार्ग समर्थनीय ठरतो, असे त्यांत म्हटले होते. नियम उदार आहे. पण तो मोजणीवर उभा आहे. रस्ता भयावह झाला की आई-बाप मुलांना सायकल देत नाहीत, वडापच्या जीपमध्ये कोंबतात किंवा मुलीची शाळाच बंद करतात. सायकली कमी झाल्या की मोजणीत आकडा भरत नाही. आकडा भरला नाही की सोय होत नाही, आणि सोय नाही म्हणून रस्ता आणखी भयावह होतो. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरापैकी सुमारे पंचेचाळीस कुटुंबांकडे सायकल होती. ती सायकल पडवीत टेकून ठेवलेली असेल, तर रस्त्याच्या मोजणीत ती कोठून दिसणार? जे भीतीने रस्त्यावर येतच नाहीत त्यांचीही मोजदाद झाली पाहिजे, आणि ती चौकात उभे राहून होणार नाही, शाळेच्या हजेरीपटावरून व वस्त्यांवर विचारपूस करून होईल.

हॉलंडचे नाव मघाशी घेतले, त्याची थोडी अधिक हकीकत सांगतो. तो देश जन्मतः सायकलस्वारांचा कैवारी नव्हता. १९७१ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पुढच्या दोन वर्षांत पालक रस्त्यावर उतरले, मुलांच्या हत्या थांबवा असे त्यांनी आपल्या चळवळीचे नावच ठेवले, आणि त्यानंतरच्या दशकांत चौकांची पुनर्रचना झाली: वळणे आवळली, ओलांडण्याच्या जागा उंच केल्या, सायकलचा पट्टा मोटारीपासून वेगळा काढला. त्यांच्या १९९४ च्या वाहतूक कायद्याने मोटार आणि सायकल यांच्या टकरीत भरपाईचा भार मुख्यतः मोटारवाल्यावर ठेवला, आणि चौदा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तर मुलाच्या चुकीची सबब जवळजवळ चालतच नाही. ज्याच्या हाती अपाय करण्याचे सामर्थ्य अधिक त्याच्यावर सावधपणाची जबाबदारी अधिक, हे तत्त्व आहे. आणि ते परकीय मानण्याचे कारण नाही.

कारण सामर्थ्य आवरून धरण्याची एक शिस्त नातेपुते दरवर्षी आषाढात पंढरीच्या वारीत डोळ्यांनी पाहते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या घडीप्रमाणे ज्ञानेश्वर माउलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे बाकीच्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. लाखोंचा समुदाय चालतो आणि कोणी कोणाला ढकलत नाही. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला दंड उंच करतो, आणि क्षणार्धात सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याचा निर्णय होतो आणि मगच आरती होते. सर्वांना थांबविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्यानेच न थांबणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, ही यातील खुबी आहे. आपल्या वाहतूक व्यवस्थेत दंड करणारा अंमलदार आहे, पण नियम मोडणाऱ्या सायकलस्वाराजवळ जाऊन तुझे गाऱ्हाणे काय असे विचारणारा कोणी नाही. दुभाजक ओलांडून जेथे पायवाट पडली आहे, तेथे लोकांचा टाळ वाजतो आहे, असे अभियंत्यांनी समजावे.

आता करावयाचे काय? कायद्याची हत्यारे हाताशी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या १३८ व्या कलमात पोटकलम १अ घातले आणि पादचारी व बिनयांत्रिक वाहने यांच्या रस्त्यावरील वावराविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. असे नियम सहा महिन्यांच्या आत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात सर्व राज्यांना दिला. हे नियम पुन्हा कर-बिल्ला-दंडाच्या जुन्या वळणावर जाऊ नयेत, त्यांत वाट कोणाची हे आधी लिहिले जावे, यासाठी गावोगावच्या नागरिकांनी आपल्या सूचना लेखी पाठविल्या पाहिजेत. त्याच दुरुस्तीतील कलम १९८अ प्रमाणे रस्त्याच्या रचनेतील वा दुरुस्तीतील दोषामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आले, तर रस्ता करणारा ठेकेदार, सल्लागार वा प्राधिकरण यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण दोष रस्त्याचाही असू शकतो हे कायद्याने प्रथमच कबूल केले, याला महत्त्व आहे.

बाकीची कामे लहान आणि स्वस्त आहेत. चौकाच्या चारही कोपऱ्यांपासून काही अंतरापर्यंत फ्लेक्स, टपऱ्या आणि वडापच्या गाड्या नसाव्यात, म्हणजे येणारा आणि ओलांडणारा एकमेकांना दिसतील. दुभाजकात सायकलसह उभे राहता येईल एवढी सुरक्षित जागा असावी, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येईल आणि सात सेकंदांचे गणित बरेच खाली येईल. ओलांडण्याच्या जागी रस्ता थोडा उंच करून वेग तीसवर आणावा, आणि तेथे रात्री चांगला उजेड असावा. हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यांनी ट्रॉल्यांच्या परावर्तकांची तपासणी करून, ज्याला ते नाहीत त्याला वजनकाट्यावर घेऊ नये. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी चौकात पोलीस असावा, आणि शाळेनेही वर्षातून एकदा प्रत्येक सायकलचे ब्रेक, घंटी आणि मागचा लाल परावर्तक पाहून घ्यावा.

या सूचना नगरपंचायत, पोलीस ठाणे, महामार्गाचे अधिकारी आणि कारखाने यांत विभागलेल्या आहेत, आणि विभागलेले काम पडून राहते हा आपला अनुभव आहे. म्हणून माझी शेवटची विनंती नेमकी आहे. बांधाच्या वाटेसाठी जसा अर्ज होतो, स्थळपाहणी होते, पंचनामा होतो, तसाच एक अर्ज या गावच्या नागरिकांनी जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीकडे करावा. त्यात कोणत्या चौकातून किती मुले कोणत्या वेळी जातात ते हजेरीपटावरून लिहावे, दुभाजकावरून पायवाटा कोठे पडल्या आहेत त्याचा कच्चा नकाशा जोडावा, आणि अधिकाऱ्यांनी स्थळपाहणीस मोटारीतून न येता शाळा सुटण्याच्या वेळी सायकलवरून यावे, अशी मागणी करावी. अर्जाखाली पहिल्या सह्या पालकांच्या असाव्यात आणि त्याची पोच घेऊन ठेवावी. सहा महिन्यांत उत्तर न आल्यास तीच पोच पुढच्या अर्जाला जोडावी. वहिवाट मागितल्याशिवाय आणि मागत राहिल्याशिवाय कागदावर चढत नाही, हे शेतकऱ्यांच्या या मुलखाला मी सांगण्याची गरज नाही.